लावणीची सुट्टी

हिल्डा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कल्याणच्या आमच्या विद्यापीठाच्या पायऱ्या चढत होते. मार्चमधली सकाळ. पहिला तास सुरू व्हायला अजून वेळ होता. फोन अ‍ॅग्नेसचा होता. अ‍ॅग्नेस हिल्डाची धाकटी बहीण. दोघींनीही लग्न केलं नव्हतं आणि ठाण्याच्या घरात दोघीच राहत होत्या. ती एवढंच म्हणाली, "ज्योती, हिल्डा गेली गं... पहाटे, झोपेतच." मी तिथेच पायरीवर बसले. आजार वर्षभराचा होता, हे होणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तरी बसायला पायरी लागलीच. मी अजून उठलेही नव्हते, तोच मोबाइलवर विद्यापीठाचा निरोप येऊन पडला. संख्याशास्त्र विभागाच्या प्राध्यापक हिल्डा परेरा यांच्या दुःखद निधनामुळे विद्यापीठ आज बंद राहील. तो वाचला आणि रडू यायच्या ऐवजी मला संताप आला.

कारण हिल्डाला आयुष्यात सगळ्यात जास्त चीड कशाची असेल, तर ती सकाळी जाहीर होणाऱ्या सुट्टीची. मुरबाडच्या बाजूची आमची मुलं अंधारात घर सोडतात, पहिली एसटी पकडतात आणि शहाडला उतरून चालत येतात. त्यांना फाटकाशी उभं करून "आज सुट्टी" म्हणणं हा ती अपमान समजत असे. "सुट्टी ही आधी सांगायची गोष्ट आहे," असं ती दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बैठकीत म्हणायचीच. "सकाळी दिलेली सुट्टी फक्त जवळ राहणाऱ्यांची असते." आणि आता तिच्याच नावाने तेच केलं होतं. मी फाटकाशी गेले तर वीस-पंचवीस मुलं बाहेर उभी होती, रखवालदार साखळी लावत होता. मी त्याला म्हटलं, मला आत एक वर्ग उघडून द्या. तो म्हणाला, मॅडम, ऑर्डर आहे. मी म्हटलं, ऑर्डर मीही वाचलीय, मला काय होईल ते माझं मी बघेन. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि साखळी काढली. मग मी वर्ग घेतला. मराठीचा होता, हिल्डाच्या विषयाचा नव्हता. बसलेल्यांतली निम्मी मुलं तर विज्ञान शाखेची होती. दुपारी त्यातली बरीचशी माझ्याबरोबर ठाण्याला आली आणि चर्चमध्ये शेवटच्या बाकांवर, कधी उठायचं कधी बसायचं हे पुढच्यांकडे बघत, शेवटपर्यंत थांबली. त्या तासाबद्दल मला अजून कोणी जाब विचारलेला नाही. विचारावा, अशी माझी इच्छा आहे.

नंतरच्या शोकसभेत तिला मनमिळाऊ म्हटलं गेलं. मनमिळाऊ ती मुळीच नव्हती. शांत, संयमी असेही शब्द कानावर आले... मी गप्प बसून ऐकले, कारण अ‍ॅग्नेस शेजारी होती. म्हणून हे लिहायला घेतलं. माणूस गेल्यावर त्याच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि मग त्याला हार घालायचा, ही पद्धत तिच्या बाबतीत तरी मी चालू देणार नाही.

आमची ओळख डोंबिवलीच्या कॉलेजातली. मी नवी लागले होते. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये शिरले, तर खिडकीजवळ एक उंच, सावळी बाई, केस आखूड कापलेले, हातात चहाचा कप, आणि समोरच्या ज्येष्ठ प्राध्यापकांशी तिचा वाद चाललेला. गणपतीत गौरी गेल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी कॉलेजने अंतर्गत परीक्षा ठेवली होती. हिल्डाचं म्हणणं, आमची अर्धी मुलं कोकणातली, ती रत्नागिरी-सिंधुदुर्गात असणार, ती परत यायची कशी? त्या प्राध्यापकांनी हसून विचारलं, "मॅडम, तुमच्यात कुठे गणपती असतो?" हिल्डा म्हणाली, "माझ्या वर्गात असतो." आणि कप खाली ठेवून ती तासाला निघून गेली. माझं माहेर कणकवलीकडचं. गणपतीला गावी जाता आलं नाही की आमच्या घरात काय होतं, हे मला माहीत होतं. मी त्याच दिवशी दुपारी तिच्याशेजारी डबा उघडला. परीक्षा पुढे ढकलली गेली की नाही? गेली, पण त्यासाठी ती प्राचार्यांच्या खोलीबाहेर पूर्ण एक दिवस बसून राहिली होती.

तिचं घराणं ठाण्याचं, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती करणारं. पोर्तुगीजांच्या काळात बाटलेली ही शेतकरी कुटुंबं. घरात बोली मराठी, देवळाच्या जागी चर्च, पण पावसाकडे डोळे लावून बसायची सवय आजूबाजूच्या सगळ्यांसारखीच. तिच्या लहानपणी ठाण्यात त्यांची शेतं होती. आता तिथे उंच इमारती उभ्या आहेत, आणि रिक्षातून जाताना ती एखाद्या टॉवरच्या दिशेने बोट करून सांगायची, इथे आमचं मोठं खाचर होतं, इथे बैल बसायचे. जुलैत वडील दोघी बहिणींना शाळेतून काढून शेतावर न्यायचे. माणसं कमी पडत, आणि लावणी लांबली की वर्षभराचं भात गेलं. एका वर्षी ती शाळेत परतली तेव्हा सिस्टरने तिला वर्गाबाहेर उभं केलं, जितके दिवस चुकवलेस तितके दिवस बाहेर, म्हणून. तिने घरी सांगितलं नाही. अ‍ॅग्नेसने सांगितलं. वडील तसेच शेतातून उठून शाळेत गेले, गुडघ्यापर्यंत चिखल. ते सिस्टरशी काय बोलले हे तिला कधीच कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आत बाकावर होती. हे तिने मला एकदाच सांगितलं, फार वर्षांनी, आणि सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. एक जुना हिशेब अजून मिटलेला नाही, असा सूर होता.

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेची ठाणे, डोंबिवली आणि कल्याणची कॉलेजं एकत्र करून त्यांचं विद्यापीठ झालं. इतकी वर्षं वरून वेळापत्रक यायचं. सत्र कधी सुरू, कधी संपणार, दिवाळीची सुट्टी कधी, परीक्षा कधी, सगळं ठरून यायचं आणि आम्ही कुरकुरत ते पाळायचो. आता शैक्षणिक कॅलेंडर आमचं आम्हालाच करायचं होतं. समिती नेमली गेली आणि हिल्डाला निमंत्रक केलं, बहुधा संख्याशास्त्राची बाई बेरीज-वजाबाकी नीट करेल एवढ्याच विचाराने. इतर कोणी असतं तर जुनं वेळापत्रक काढून तारखा बदलल्या असत्या. हिल्डा वर्गावर्गात गेली. तिन्ही ठिकाणी. मुलांना एकच विचारलं: वर्षात तुम्ही कधी येऊ शकत नाही, आणि का? पहिल्यांदा मुलं लाजली, कारण न येणं हा गुन्हा आहे असंच त्यांना शिकवलेलं. मग बोलायला लागली. गणपती तर आलाच, आणि नुसता गणपती नाही, त्याच्या तारखा फार आधी कळायला हव्यात, कारण रेल्वेचं आरक्षण तेव्हाच करावं लागतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा नको. सहा डिसेंबरला दादरला जायचं असतं, त्याच्या आदल्या दिवशी सबमिशन नको. डोंबिवलीच्या एका मुलीने सांगितलं, तिच्या वडिलांच्या कारखान्याला ज्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते त्याच दिवशी ती घराबाहेर पडू शकते, कारण एरवी आजारी आजीजवळ कोणी नसतं... याचं काही करता येण्यासारखं नव्हतं, पण हिल्डा म्हणाली, निदान आपल्याला माहीत तरी झालं. आणि कल्याणच्या वर्गात, मागच्या बाकांवरून, एकामागून एक तेच उत्तर आलं. लावणी.

मुरबाड, शहापूर, टिटवाळ्याच्या आतली गावं. घरचं भात. जुलैचा मधला आठवडा-दहा दिवस. ही मुलं दरवर्षी तेव्हा गायब व्हायची आणि आम्ही दरवर्षी हजेरीपटावर रेघ ओढत होतो.

हिल्डाने कॅलेंडरच्या मसुद्यात जुलैमध्ये एक आठवडा रिकामा ठेवला आणि त्यापुढे लिहिलं: भातलावणीची सुट्टी. कुलगुरूंच्या दालनात समितीची बैठक होती, मीही सदस्य होते. कुलगुरू वाईट गृहस्थ नव्हते, हुशार होते, पण त्यांना विद्यापीठ नवं दिसायला हवं होतं. त्यांनी तो शब्द वाचला आणि चष्मा काढला. सत्र सुरू होऊन महिना झाला नाही तोवर सुट्टी, आणि तीही शेतीची? बाहेरच्या तपासणी समितीला काय सांगायचं? मग ते जरा सौम्यपणे म्हणाले, "परेरा मॅडम, आपण विद्यापीठ चालवतोय, ग्रामपंचायत नाही." हिल्डा म्हणाली, "सर, मुलं कुठून येतात ते बघून विद्यापीठ चालवायचं असतं." कोणीतरी विनोद केला, लावणीची सुट्टी म्हटली तर पालकांना वाटेल पोरं फडावर गेली. सगळे हसले. हिल्डा हसू संपायची वाट बघत राहिली, आणि मग म्हणाली, "झालं असेल तर पुढे बोलते." पण पुढे बोलून उपयोग झाला नाही. तो आठवडा काढून टाकला गेला. अंतिम कॅलेंडर सहीला आलं तेव्हा तिने सही केली नाही. निमंत्रकाच्या सहीची जागा मोकळीच ठेवून ते छापलं गेलं. ज्या कॅलेंडरात माझा पाव वर्ग नाही ते माझं नाही, असं तिने कुलगुरूंना तोंडावर सांगितलं, आणि समितीतून तिला मुक्त करण्यात आल्याचं पत्र त्याच आठवड्यात निघालं.

जुलै आला, मुलं गायब झाली. ऑगस्टमध्ये हजेरी कमी असलेल्यांची नावं फलकावर लागली, त्यांना सत्र परीक्षेला बसता येणार नव्हतं. त्यात सविता देसले होती, दुसऱ्या वर्षाची, हिल्डाच्या वर्गातली. सविता आली आणि म्हणाली, मॅडम, माझं नाव काढून टाका, मी आता येत नाही. तिचे वडील आदल्या वर्षी वारले होते. घरी आई आणि लहान भाऊ. हिल्डाने तिला बसवलं, पाणी दिलं, आणि नाव काढण्याविषयी एक अक्षरही बोलली नाही. गाव कोणतं, एसटी कुठे थांबते, एवढंच विचारलं. रविवारी ती मला घेऊन निघाली.

मुरबाड रस्त्यावरून आत, डांबर संपल्यावर बरंच चालून आम्ही त्यांच्या शेताशी पोचलो. त्या वर्षी पाऊस उशिरा लागला होता, एक तुकडा अजून लावायचा राहिला होता. सविताची आई चिखलात वाकलेली. आम्हाला बघून ती बांधावर आली, हात पुसले, आणि दोन मॅडम घरी आल्या म्हणजे पोरीने काहीतरी केलं असणार अशा भीतीने आमच्याकडे बघत राहिली. हिल्डाने तिला काही समजावलं नाही. चपला बांधावर काढल्या, सलवार वर खोचली, रोपांची एक मूठ उचलली आणि खाचरात उतरली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघ्याचं दुखणं असलेली. पहिली ओळ वाकडी गेली. सविताची आई बघत होती. दुसरी ओळ सरळ झाली. मग ती शेजारी उतरली आणि दोघी मागे सरकत सरकत लावत राहिल्या. मी बांधावर छत्री धरून उभी होते, आणि त्या काय बोलताहेत ते पावसामुळे मला निम्मंच ऐकू येत होतं. नंतर घरी चहा पिताना सविताची आई मला म्हणाली, "ह्या बाईच्या हाताला सवय हाय. पन तुमच्या शाळेला नाय." हिल्डा ते ऐकून मोठ्याने हसली. निघताना तिने एवढंच सांगितलं की सविता परीक्षेला बसेल, कशी ते माझं मी बघते. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, तू हे कशाच्या जोरावर बोललीस? ती म्हणाली, "अजून माहीत नाही. पण बोलून टाकलं म्हणजे करावं लागतं."

केलं ते असं. पुढच्या रविवारपासून तिने कल्याणच्या इमारतीत नाव लागलेल्या सगळ्या मुलांचे बुडलेले तास घ्यायला सुरुवात केली. स्वतःचे तर घेतलेच, गणिताच्या आणि अर्थशास्त्राच्या शिक्षकांना पटवून त्यांचेही घ्यायला लावले. भाषेचे मी घेतले. हजेरी मांडली. आणि ती हजेरी नेऊन परीक्षा विभागाच्या टेबलावर ठेवली. तिला कारणे दाखवा नोटीस आली: परवानगीशिवाय सुट्टीच्या दिवशी इमारत वापरली आणि अनधिकृत तास घेतले, याचा खुलासा करावा. माणसं अशा नोटिशीला चार-चार पानं उत्तर देतात, वकील गाठतात. हिल्डाने दोन वाक्यं लिहिली. मी शिकवलं. पुन्हा शिकवीन.

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. शिकवल्याबद्दल शिक्षा कशी द्यायची हे बहुधा कोणाला ठरवता आलं नाही. मुलांची हजेरी धरली गेली, सविता परीक्षेला बसली आणि पास झाली. पण सगळी मुलं बसली असं मी लिहिणार नाही. काही त्याआधीच सोडून गेली होती. त्यातल्या एकाला हिल्डा भिवंडीच्या गोदामात भेटून आली. तो परत आला नाही. त्याचं नाव ती नंतरच्या प्रत्येक बैठकीत घ्यायची, अगदी मुद्दाम, समोरचे अस्वस्थ होईपर्यंत.

दुसऱ्या वर्षी ती थेट विद्वत परिषदेत गेली. ही विद्यापीठाची अभ्यासविषयक निर्णय घेणारी सभा, आणि विभागप्रमुख म्हणून तिला तिथे बोलायचा हक्क होता, तो कोणी काढून घेऊ शकत नव्हतं. यावेळी अडचण कुलगुरूंची नव्हती, आमची होती. शिकवण्याचे दिवस नियमाने ठरलेले. जुलैत आठवडा द्यायचा तर तो दुसरीकडून काढावा लागणार. दिवाळीतून? स्टाफरूम पेटली. मे महिन्यातून? तेव्हा तर उत्तरपत्रिका तपासण्यातच सुट्टी जाते, उरलेलीही देऊन टाकायची का? लोकांचा राग खोटा नव्हता. डोंबिवलीहून ठाण्याला, ठाण्याहून कल्याणला धावणारी, घरी म्हातारे आईवडील असलेली माणसं ती, वर्षातून एकदा चार दिवस शांत मिळणार तेही जाणार म्हणून चिडलेली. काहीजणांनी हिल्डाबरोबर चहा घेणं बंद केलं. ती एकटी खिडकीजवळ बसून चहा प्यायची आणि त्यांच्याकडे बघून मान हलवायची, जणू काही झालंच नाही.

परिषदेत तिने प्रस्ताव मांडला. नाताळची सुट्टी, जी पंचवीस डिसेंबरपासून नवीन वर्षापर्यंत असायची, ती फक्त नाताळच्या दिवसापुरती ठेवावी आणि उरलेले दिवस जुलैला द्यावेत. दिवाळीसाठी भांडायला तयार होऊन आलेल्यांच्या हातात काहीच उरलं नाही. कुलगुरूंनी विचारलं, मॅडम, तुम्हाला हे चालेल? ती म्हणाली, मला चालणार नाही, पण मी देते आहे. मतदान झालं, प्रस्ताव मंजूर झाला. नाव मात्र त्यांनी बदललंच, कॅलेंडरात 'सत्रांतर्गत अवकाश' असं छापलं. त्यावर ती पुन्हा भांडली आणि हरली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर चिडले. मी म्हटलं, तुझाच सण का? दरवेळी देणाऱ्याच्या रांगेत तूच का उभी राहतेस? ती म्हणाली, "ज्योती, दुसऱ्याचा सण द्यायचा मला हक्क आहे का?" मी विषय तिथेच सोडला. पण अ‍ॅग्नेस बोलली, आणि चांगलंच बोलली. नाताळानंतरच्या त्या आठवड्यात त्यांच्याकडे वसईहून, गोराईहून सगळे नातेवाईक येत, घरात फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोळे, तळले जात, लहान मुलं अंगणात झोपत. सगळ्या वर्षात घर भरायचं ते तेव्हा. अ‍ॅग्नेसचं म्हणणं, तू तुझी नोकरी दे, तुझा पगार दे, माझं घर का दिलंस? बरेच दिवस ती हिल्डाशी कामापुरतंच बोलत होती. हिल्डाने तिची समजूत काढली नाही. सव्वीस डिसेंबरला सकाळी ती डबा घेऊन कल्याणला तासाला आली. डब्यात फुगे होते, तिने ते वर्गात वाटले.

नव्या कॅलेंडरातल्या जुलैत पहिल्यांदा कल्याणची इमारत हक्काने रिकामी होती. हिल्डा तरीही आली होती. मी विचारलं, सुट्टीत कशाला आलीस? म्हणाली, बघायला. व्हरांड्यातून आम्ही दोघी चालत गेलो. वर्ग बंद, फळे पुसलेले, बाहेर पाऊस. तिला इतकी खूश मी क्वचितच पाहिली.

मग आजार आला. यकृताचा कर्करोग, कळला तेव्हाच बराच पसरलेला. उपचारांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि विद्यापीठाने तिच्यावरचं ओझं कमी करायचं म्हणून तिचे तास दुसऱ्याला दिले. तिने ते परत घेतले. डोक्याला रुमाल बांधून यायची, खुर्चीवर बसून शिकवायची, आणि कोणी हळव्या आवाजात "मॅडम, कशा आहात?" विचारलं तर म्हणायची, तुमचे गुण भरून झाले का? डॉक्टरांनाही तिने सोडलं नाही. उपचाराची पुढची तारीख परीक्षेच्या आठवड्यात आली तेव्हा ती बदलून घेतली. डॉक्टर म्हणाले, बाई, आजार कॅलेंडर बघत नाही. ती म्हणाली, म्हणून तर मी बघते.

शेवटची भेट फेब्रुवारीत झाली. ती पलंगावर होती, फार बारीक झाली होती, पण आवाज तोच. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरचं काम सुरू झाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. जुलैचा आठवडा काढायचा विचार चालू आहे, मुलं शेतावर जातच नाहीत, नुसती भटकतात, असं कोणीतरी बैठकीत म्हणालं होतं. ती म्हणाली, "काहीजण भटकतातच. दिवाळीत आपण काय करतो?" मग म्हणाली, "मी गेल्यावर हे म्हणतील, परेरा मॅडमची ती एक हौस होती. हौस नव्हती. तू तेवढं बोलायचं." मी हो म्हटलं. तिला पुरेसं वाटलं नसावं. माझा हात धरून म्हणाली, "रडत बोलू नकोस. रडणाऱ्याला सगळे हो म्हणतात आणि नंतर करत नाहीत."

एप्रिलमध्ये बैठक झाली. हिल्डाने सांगितलं होतं त्यापेक्षा ती वेगळी निघाली. कोणी हौस म्हणालं नाही. उलट प्रस्तावात तिचंच नाव होतं. जुलैच्या त्या आठवड्यात 'हिल्डा परेरा स्मृती व्याख्यानमाला' घ्यावी, रोज एक पाहुणा, तिन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी हजर राहणं बंधनकारक. प्रस्ताव वाचून झाल्यावर सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने माना हलवल्या, आणि मी तिची मैत्रीण म्हणून माझ्याकडे बघितलं. मला काही क्षण कळेना की हे मुद्दाम आहे की खरंच प्रेमाने चाललंय. मला वाटतं, खरंच प्रेमाने होतं. म्हणूनच ते जास्त धोक्याचं होतं.

मी उभी राहिले. रडले नाही. म्हटलं, तुम्ही तिच्या नावाने तिने मिळवलेली सुट्टी काढून घेताय. व्याख्यानं ठेवायची असतील तर वर्षात कितीतरी दिवस आहेत. तो आठवडा सविताच्या आईचा आहे, तो हिल्डाचा नव्हता आणि हिल्डाने तो स्वतःचा म्हणून मागितलाही नव्हता. कोणीतरी म्हणालं, मॅडम, भावना समजतात, पण ही त्यांची आठवण राहावी म्हणून... मी म्हटलं, आठवण नको. आठवडा राहू द्या. आणि तो जाणार असेल तर बदल्यात नाताळचे दिवस परत द्या, कारण ते एका अटीवर दिले होते. हे शेवटचं मी आधी ठरवून गेले नव्हते, पण त्याने काम केलं. नाताळचे दिवस परत द्यायचे म्हणजे सगळं कॅलेंडर पुन्हा मांडावं लागणार होतं. कुलगुरूंनी कागद पुढे-मागे केले. मग म्हणाले, व्याख्यानमाला नको, अवकाश आहे तसा ठेवा. कुठेही हिल्डाचं नाव लागलं नाही. कॅलेंडर छापून आलं आहे, जुलैमधला तो आठवडा मोकळा आहे, आणि तारखा आत्ताच जाहीर झाल्या आहेत, म्हणजे गावाकडे माणसं ठरवायला मुलांना वेळ आहे. सविता आता एम.एस्सी. करते. तिला मी फोन करून कळवलं. ती म्हणाली, आईला सांगते, यंदा मजूर कमी सांगायला.

त्या संध्याकाळी मी ठाण्याला अ‍ॅग्नेसकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. नाताळच्या दिवसांचं बोलले तेव्हा तिने विचारलं, "मग परत नाही ना दिले?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "बरं झालं. दिलेलं परत आलेलं तिला आवडलं नसतं." मग चहा ठेवायला आत गेली आणि तिथूनच बोलत राहिली. हिल्डाचा मोबाइल अजून तिच्या खोलीत टेबलावर आहे, चार्जरला लावलेला. त्यात पहाटेचा गजर आहे. मुरबाडची पहिली एसटी सुटायच्या आधीचा. पावसाळ्यात हिल्डा त्या गजराला उठायची, खिडकी उघडायची, पाऊस किती आहे बघायची, रस्ता चालू आहे का ते तिकडच्या मुलांना विचारायची आणि सुट्टी द्यायची असेल तर आत्ता द्या म्हणून त्या वेळी कुलसचिवांना झोपेतून उठवायची. पावसाळा संपला तरी तिने गजर कधी काढला नाही. तो अजून रोज वाजतो, अ‍ॅग्नेस म्हणाली. भिंतीपलीकडे तिला जाग येते. शेजारच्यांनीही एकदा विचारलं.

मी म्हटलं, आण इकडे, मी बंद करून देते.

अ‍ॅग्नेस चहाचे कप घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर ठेवले. "बंद मलाही करता येतो," ती म्हणाली. "करत नाही."